दगूबाईची काडी

१९५८ साली मी ब्राह्मणपुरीत सून म्हणून आले आणि वर्षभरात माझ्या पायाच्या फोडातून दोऱ्यासारखा जंत बाहेर डोकावला. सासूबाई म्हणाल्या, मागल्या जन्मीचे भोग. भगताने देवीची शिक्षा ठरवली. शेजारणींनी पीडा म्हणत ओट्यावर येणंच सोडलं.

आमच्या शेतात निंदायला येणारी दगूबाई तेवढी म्हणाली, "हाऊ नारू शे. पानीमाईन येस." म्हणजे हा जंत पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरतो.

ओढला की तो तुटतो, म्हणून ती रोज त्याला काडीवर एकच वेढा द्यायची. वीस दिवसांनी सगळा निघाला, तेव्हा तिने आपल्या लुगड्याचा तुकडा फाडून पाणी गाळून भरायला आमच्या घागरीच्या तोंडावर बांधला.

तिचे उपकार फिटायचे नाहीत. आजही कोणी दुखण्याला भोग म्हटलं, की मी आधी त्याच्या घरची घागर बघते.