बरणीतला मका आणि बेसिनचा नळ

बरणीत पुन्हा पाणी शिरलं होतं. आतले मक्याचे कोंब मजेत होते. बुडालं होतं ते आमचं संशोधन.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी कळंबचा, दुष्काळात वाढलेला. आणि इंग्लंडात फेलोशिप मिळाली ती शेतात पाणी तुंबल्यावर मुळं काय करतात हे शोधायची! पाणी साचलं की मुळांना ऑक्सिजन मिळत नाही. मग पेशीतली काही जीन्स, म्हणजे जगण्याच्या सूचना, जागी होतात. ती कोणती, ते हुडकायचं. त्यासाठी कोंब बरणीत बंद करून हवा काढायची. हवा ओढायचं काम बेसिनचा नळ करी. नळाला नळी जोडलेली. पाणी धावलं की बरणीतली हवा खेचली जाई. नळ थांबला की उलटं, पाणीच बरणीत.

आणि रोज दुपारी कुणीतरी नळ बंद करत होतं.

लॅबच्या प्रमुख सरांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, नळ कोण बंद करतं. शेजारच्या टेबलावर ॲना काम करायची. तिचं कंत्राट वाढवायचं की नाही, ते त्याच आठवड्यात ठरणार होतं. मी लई समजूतदार चेहरा केला.

"ॲना जरा घाईत असते, सर."

सर तडक लॅबमध्ये आले. ॲना लाल झाली. म्हणाली, मी त्या नळाला हातही लावत नाही. मग मीच तिला समजावू लागलो. चूक कुणाचीही होते, कबूल केली की मन हलकं होतं, वगैरे. बोलत बोलत बेसिनपाशी पोचलो.

ॲना शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, तुमचा हात कुठं आहे?"

नळावर होता. नळ बंद झाला होता. वाया जाणारं पाणी दिसलं की आमच्याकडं जाणारायेणारा कुणीही तोटी फिरवतो. त्याला डोकं लागत नाही. जेवायला जाताना रोज मी तेच करत होतो.

सरांनी पुढं होऊन नळ पुन्हा सोडला. ॲनाचं कंत्राट वाढलं. मी माफी मागायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "नळाचं मी समजू शकते." आणि पाठ फिरवून कामाला लागली.

संशोधकानं संशय घ्यावा, पण सुरुवात स्वतःच्या हातापासून करावी.

परत आल्यावर आईला नळाचा किस्सा सांगितला. "मग त्यात काय चुकलं? पाणी मोकाट सोडायचं व्हय?" असं म्हणून तिनं गल्लीभर सांगितलं, पोरानं गोऱ्यांना पाणी जपायला शिकवलं. बायका कौतुकानं बघत होत्या. ॲनाबद्दल मी आईला सांगितलंच नव्हतं.