मोडण्यासाठी बांधलेली कैची

मी वर्कशॉपमध्ये पोचले तेव्हा कैचीला झेंडूच्या माळा घालून झाल्या होत्या. ज्या हुकांना वाळूच्या गोण्या टांगायच्या होत्या, त्यांना कुणीतरी फुगे बांधले होते.

"हे काय, सर?"

"पाहुणे येऊन राहिले, मॅडम," डायरेक्टर म्हणाले. "आज तोडफोड नाही करायची. चांगल्या दिवशी अपशकुन काहून करायचा?"

कैची म्हणजे उतरत्या छपराला खालून पेलणारी त्रिकोणी चौकट. मी स्ट्रक्चरल इंजिनियर. कामठी रोडवरच्या एका खाजगी संस्थेत लाकडी बांधकामाचा कोर्स शिकवत होते. सिमेंट-लोखंड कमी करा, लागवडीच्या लाकडाची घरं बांधा, असा सध्या गजर चालला आहे. गजर करणारे पुष्कळ, लाकूड कळणारे थोडे. माझ्या वर्गातले सगळे नोकरी करणारे सिव्हिल इंजिनियर आणि सुपरवायझर. त्यांचा हात काँक्रीटवर बसलेला.

लोखंडी पट्टीत बोल्टचं भोक जरा टोकाजवळ गेलं तरी बरेचदा निभावतं. लाकडात नाही. लाकडाला रेषा असतात. भोक टोकाजवळ पाडलं आणि ताण आला, की लाकूड त्या रेषेवरून सरळ चिरत जातं. किती अंतर सोडायचं ते सगळ्यांना पाठ असतं, पण साइटवर घाई असते आणि हातात ड्रिल असतं. म्हणून मी लकडगंजच्या लाकूडबाजारातून निवडून सागवान आणलं आणि वर्गाकडूनच कैची करून घेतली. बाकी सगळं चोख. फक्त खालच्या आडव्या लाकडाच्या एका टोकाला बोल्ट मुद्दाम कडेला घेतले. हळूहळू वजन वाढवायचं आणि सगळ्यांसमोर तिला फाटू द्यायचं. तो आवाज एकदा ऐकला की माणूस जन्मात विसरत नाही.

पाहुणे आले. त्यांनी कैचीसोबत फोटो काढले, तिच्यावरून हात फिरवला, 'क्या बात है' म्हणाले. दुसऱ्या दिवशी डायरेक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"ही कैची आपण समोरच्या पोर्चले लावून राहिलो. पाहुण्यांचीच आयडिया."

माझं डोकं सणकलं. "सर, ती मोडण्यासाठी केली आहे. सांधा मुद्दाम चुकीचा ठेवलाय."

"तुम्हीच करून घेतली न?"

"हो."

"मग चुकीची कशी राहील? तुम्ही तर एक्स्पर्ट!"

"निदान खालचं लाकूड बदलू द्या. मग खुशाल लावा."

"पॉलिश झालं, मॅडम. सोमवारी उद्घाटन आहे. वरून एक लोखंडी पट्टी मारून देऊ न, बाप्पा!"

त्या पोर्चखाली लोक गाड्या लावणार, पाऊस आला की घोळका करून उभे राहणार. मी पोर्चचं काम घेतलेल्या फॅब्रिकेटरला गाठलं. तो म्हणाला, "साहेब म्हणतील तसं." आपल्याकडच्या निम्म्या इमारती याच वाक्यावर उभ्या आहेत.

शनिवारी मी वर्गासमोर करवत मागितली. वाळूच्या गोण्या तोवर स्टोअरमध्ये कुलूपबंद झाल्या होत्या. रोशनी गजभिये, एका बांधकाम कंपनीतली सुपरवायझर, लाकूड धरायला पुढे आली.

"मॅडम, तोडायची होती न? कापून काहून राहिल्या?"

"तोडू देत नाहीत म्हणून."

खालचं लाकूड मधोमध कापलं. इतकं सरळ, निर्दोष लाकूड. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही. सांध्याबद्दल त्या दिवशी कुणी काही शिकलं नाही.

संस्थेच्या मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून मला काढलं. पोर्चला काँक्रीटचा स्लॅब टाकला. कोर्स कसाबसा गुंडाळला आणि सगळ्यांना सर्टिफिकेट देऊन टाकलं. त्यांच्यापैकी एकानेही लाकूड फाटताना पाहिलेलं नव्हतं.

काही महिन्यांनी रोशनीचा फोन आला. तिच्या कंपनीने एका रिसॉर्टच्या लाकडी छताचं काम घेतलं होतं. तपासून सही करायची होती तिने.

"सर्टिफिकेट आहे माझ्याजवळ, मॅडम, पण मले भीती वाटून राहिली. साहेबांले म्हटलं, आधी एक कैची बनवून तोडून पाहू. ते हसले."

"सही करू नकोस," मी म्हणाले.

तिने केली नाही. तिला परत काँक्रीटच्या साइटवर धाडलं. छतावर तिच्याच बॅचमधल्या एकाने सही केली. मी रिसॉर्टच्या मालकाला फोन केला. "सर्टिफाइड माणसाने पास केलं आहे," तो म्हणाला. "तुम्ही कोण?"

छत अजून उभं आहे, असं ऐकते.

शिकवण्यासाठी चूक करायचीच असेल, तर ती कुरूप करावी. देखणी चूक आपल्याकडे कुणी मोडू देत नाही. दाराशी लावतात.