बंद गाडीतले नाना

नानांना बंद गाडीच्या आत काय चालतं याचं भारी कुतूहल. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी जळगावात पत्र्याच्या बंद बॉडीचा ट्रक घेतला. आमच्या गोदामात माल बांधणारे हे साक्रीकडचे नाना रिकाम्या ट्रकमध्ये शिरले, दार लावून घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, चालव आणि मधूनच ब्रेक मार. बाहेर आले ते घामाने निथळत, पण चेहरा खुललेला. "उघडी गाडीमा मागे वळीसन दखता येस, भाऊ. आठे माल काय करस, कोनले दिसस?"

माल बांधायचा कशाने, हा माझा प्रश्न होता. दोर, साखळी की नवे खटक्याचे पट्टे? मला पट्ट्यांची भुरळ पडली होती. जुना माणूस दोराचाच आग्रह धरणार असं मला वाटलं, पण नानांनी खटका दहादा कटकट वाजवून पाहिला. म्हणाले, "पट्टा चांगला शे. पन तो कशाले धरी ऱ्हायना?"

मी पट्टे अडकवायच्या, ट्रकच्या आतल्या भिंतीवरच्या कड्या दाखवल्या. त्यांनी शेजारचा पत्रा अंगठ्याने दाबला, तो सरळ आत गेला. मग तासभर स्वारी ट्रकखाली उताणी. खालचे आडवे लोखंडी दांडे कुठे येतात ते मापून त्यांनी वर तळावर खडूने खुणा केल्या आणि कड्या तिथेच बोल्टने आवळून घेतल्या.

पहिला माल होता साक्रीच्या एका अक्कांची पिठाची गिरणी. नवरा गेल्यावर शिवणकामावर घर चालवलेलं, आता नजर साथ देईना. ही गिरणी फुटली तर दुसरी घेणं शक्य नव्हतं. तिला ओरखडा नको म्हणून मी खाली आणि भोवती केळीचा ओला पाला दाबायला लावला. आमच्याकडे केळी तशीच जातात.

"पाला बसी जाई, भाऊ," नाना म्हणाले.

मालक मी. मी ऐकलं नाही. ते सरळ आत गिरणीजवळ जाऊन बसले.

पारोळ्याच्या पुढे आतून थापा ऐकू आल्या. दार उघडलं तर पाला चेपून पट्टे सैल झालेले, गिरणी कललेली, आणि तिला पाठीने रेटून धरलेले नाना. त्यांचं उजवं मनगट गिरणी आणि पत्र्याच्या मध्ये अडकलं होतं. त्या अवस्थेतही म्हणतात, "दखा, पयले डावी बाजू बसनी!"

धुळ्यात प्लास्टर घालून आम्ही साक्रीला पोचलो. अक्कांनी गिरणीवरून हात फिरवला. ती शाबूत होती. मग त्यांची नजर नानांच्या हाताकडे गेली.

"काय व्हयनं, नाना?"

"मन्हाच पट्टा ढिला ऱ्हायना, अक्का."

मी शेजारीच उभा होतो. लाज वाटली, पण तोंड उघडलं नाही.

ते मनगट पुन्हा धड झालं नाही. नाना गावी परतले. अक्कांना एकदा खरं सांगून टाकू, असं मी म्हणता म्हणता काही वर्षांनी नाना गेलेही. अक्कांची गिरणी मात्र उत्तम चालली. साक्रीला गेलो की त्या चहा देतात आणि नानांचा विषय काढतात. "मानूस भला व्हता," म्हणतात, "पन बांधनं कच्चं व्हतं." आणि मी खाली मान घालून चहा पितो.