मावशीचा कोपरा

माझ्या मावशीचा नवरा मोटारींच्या सीटा शिवायचा, आणि घरातली खुर्ची मात्र फाटकी. आल्यागेल्याला तिच्यातला काथ्या टोचायचा. "उद्या शिवतो," असं काका इतकी वर्षं म्हणत आले की आम्ही त्यांना उद्याकाकाच म्हणायला लागलो. गिऱ्हाइकाच्या कामात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सीट शिवून झाली की मागचा एक कोपरा ते उघडा ठेवायचे आणि मावशीला हाक मारायचे. मावशी डावखुरी. त्या अडचणीच्या जागी तिचाच हात नीट जायचा. तिचे टाके उलटे कलायचे. काका म्हणायचे, "कलू देत. दोघांनी शिवलंय हे कळेल तरी."

काका गेले. त्यांनी शिवलेल्या गाड्याही एकेक करून भंगारात गेल्या. उरली असलीच तर एक, ती लांबलचक अमेरिकन गाडी. तिच्या सीटा त्यांनी शेवटच्या आजारात खोकत खोकत शिवल्या होत्या. घरात त्यांच्या हातचा एक टाका नव्हता. खुर्ची मावशी दुसऱ्या कुणाला शिवू देत नव्हती. रस्त्यात मात्र प्रत्येक मोठ्या गाडीपाशी रेंगाळायची. माझा जीव अगदी मेटाकुटीला यायचा.

परवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परतताना तिने माझं मनगट घट्ट धरलं. बँकेसमोर एक फिकट हिरवी गाडी उभी होती, जुनी पण नव्यासारखी लखलखीत.

"नंबर वाच गं."

मी वाचायच्या आतच तिने तो म्हणून दाखवला. तोच होता.

मालक फडक्याने काच पुसत होता. मावशीने आत बघू का विचारलं, तर गडी खूश झाला. "या ना आजी, बघा की!" म्हणत त्याने दार उघडलं. मावशी वाकली आणि डावा हात थेट सीटमागच्या कोपऱ्यात घातला. बराच वेळ चाचपत राहिली.

"टाके किती सरळ आहेत," ती म्हणाली.

"मशीनचे आहेत ना! जुनं सगळं उचकटून फेकलं. आतून कुजलं होतं हो. जिवापाड जपतो मी हिला."

ते दिसतच होतं, त्यामुळे त्याच्यावर चिडायचीही सोय नव्हती.

"छान ठेवलीय गाडी," मावशी म्हणाली आणि दार हळूच लावलं.

घरी आल्या आल्या तिने काकांची बाकदार सुई काढली, माझ्याकडून दोरा ओवून घेतला आणि खुर्ची पुढ्यात ओढली. संध्याकाळपर्यंत ती शिवत होती. मागच्या कोपऱ्यापाशी आल्यावर तिचा हात थांबला.

"काय झालं गं?"

"इथं आलं की ते हाक मारायचे," मावशी म्हणाली, आणि सुई तशीच हातात धरून रडायला लागली.