गेलेल्या पाकळीचा हिशेब मागणारे गावंडे साहेब

माननीय उत्तमराव गावंडे साहेबांची आणि माझी पहिली भेट अकोल्याच्या सरकारी कार्यशाळेत, त्यांच्या टेबलाशी झाली. मी अमरावतीहून यंत्र-अभियांत्रिकीची पदविका घेऊन आले होते. बडनेऱ्याच्या इंजिनशेडमध्ये फिटर असलेल्या वडिलांनी निघताना एवढेच सांगितले होते की, विचारतील तेवढेच बोल. साहेबांनी माझे गुण विचारले नाहीत. मुलगी इथे कशी, हेही विचारले नाही. त्यांनी टेबलावर एक काळे रबरी चक्र ठेवले आणि म्हणाले, "हे काय व्हय?"

"बोटीच्या इंजिनाच्या पाण्याच्या पंपातलं इंपेलर."

"सारं ठीक हाय त्याचं?"

"नाही. सहापैकी एक पाकळी तुटली आहे."

"तुटली ते मलेही दिसते. गेली कुठं?"

असा प्रश्न मला कोणत्याही परीक्षेत आला नव्हता. साहेबांनी मला शेडमध्ये नेले, पंपापुढची नळी सोडली आणि वाकणात अडकलेला रबराचा तुकडा चिमट्याने काढून माझ्या तळहातावर ठेवला. "नवं चक्र बसवून मोकळे झालो असतो, तर हा तुकडा आतच राहिला असता. पाणी अडलं असतं, इंजिन जळलं असतं, अन् आपण म्हटलं असतं, नवं चक्रच खराब निघालं."

वऱ्हाडात बोटी कशाला, असे या गौरवग्रंथाच्या अनेक वाचकांना वाटेल. पूर्णेला पूर आला की काठच्या गावांतली माणसे काढण्यासाठी आमच्याकडे एक मोटरबोट होती. आठ महिने ती शेडमध्ये गाड्यावर कोरडी उभी असे. तिचे इंजिन थंड ठेवायला नदीचेच पाणी लागे. पंपातले रबरी चक्र ते पाणी ओढून घेई आणि इंजिनातून फिरून ते बोटीच्या मागून धुरासोबत बाहेर पडे. मागून पाणी येत आहे तोवर सर्व ठीक. हे चक्र पाण्याशिवाय फिरले तर रबर घासून तापते आणि पाकळ्या फाटतात. त्याला फार वेळ लागत नाही.

म्हणून साहेबांचे नियम कडक होते. बोट वर काढली की चक्र बाहेर काढायचे, नाहीतर महिनोन्महिने दबून राहिलेल्या पाकळ्या तशाच वाकड्या होतात. पावसाळ्याआधी, जुने चांगले दिसत असले तरी, नवे बसवायचे. बसवताना ग्रीस नाही, साबणाचे पाणी लावायचे, कारण ग्रीसने रबर खराब होते. एक जादा चक्र डब्यात घालून बोटीत ठेवायचे. पहिल्या वर्षी यातल्या प्रत्येक नियमाचे कारण मी त्यांना विचारले आणि प्रत्येक वेळी त्यांनी ते दिले. कारण विचारले म्हणून ते कधी रागावले नाहीत. वरिष्ठांमध्ये हा गुण मला पुन्हा फारसा दिसलेला नाही.

आता ज्या घटनेबद्दल लिहायचे आहे, तिने मला बसलेला धक्का आजही पूर्ण ओसरलेला नाही.

त्या वर्षी पाऊस लवकर थांबला असे वाटले, म्हणून खंडेनवमीच्या आधीच बोट शेडमध्ये आणली होती. चक्र काढायचे काम दसऱ्यानंतर करायचे ठरले. खंडेनवमीला कार्यशाळेत सर्व यंत्रांची पूजा होई. आमच्या घरी बौद्ध धम्म स्वीकारल्यापासून मी पूजेत भाग घेत नसे; दाराशी उभी राहत असे. साहेबांनी त्याबद्दल मला कधी एका शब्दाने विचारले नव्हते. त्या दिवशी कार्यालयाचे मोठे साहेब म्हणाले, "यंत्रं मुकी कशाला? सुरू करा, मग आरती होऊ द्या." लेथ सुरू झाले, ड्रिल सुरू झाले. मग सर्वांनी बोटीकडे पाहिले.

मी दारातून म्हणाले, "साहेब, बोट पाण्यात नाही. पंप कोरडा फिरेल."

"आरतीपुरतं, तायडेबाई," गावंडे साहेब हसून म्हणाले. "लगेच बंद करतो."

त्यांनी स्वतः हँडल मारले. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झाले आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या. आरती संपत आली तोच मोठ्या साहेबांच्या घरची मंडळी पोहोचली, म्हणून आरती पुन्हा पहिल्यापासून झाली आणि इंजिन तसेच फिरत राहिले. शेडमध्ये ऊद आणि कापूर दाटला होता. त्यात रबर जळल्याचा वास असला, तरी तो कोणाला ओळखू येणार नव्हता. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. ज्या माणसाने मला तो पंप शिकवला, तोच माणूस तो कोरडा फिरवत होता.

दसऱ्याच्या रात्री पाऊस आला आणि दुसऱ्या दिवशी पूर्णाकाठच्या एका गावाहून निरोप आला. कारागीर सणासाठी गावोगावी गेलेले. बोट चालवणारे हबीबभाई, साहेब आणि मी असे तिघेच निघालो. बोट पाण्यात सोडली तेव्हा मागून पाणी आले. धार बारीक होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिले, पलीकडच्या छपरांवर बसलेल्या माणसांकडे पाहिले आणि म्हणाले, "चला."

परतताना बोट भरलेली होती. प्रवाहाच्या मध्यावर हबीबभाई ओरडले, "साहेब, मांगून पाणी येऊन नाही राहिलं!" आणि त्यांनी इंजिन बंद केले. बोट वाहू लागली. हबीबभाईंनी बांबू टेकवत तिला बुडालेल्या बाभळींच्या रांगेत नेऊन अडकवले. त्यांचे हात सोलून निघाले होते. कोंबडी कवटाळून बसलेल्या एका आजीने विचारले, "काहून थांबली गा ही मोटार?"

"तिले तहान लागली, आजी," हबीबभाई म्हणाले.

"एवढ्या पुरात तहान? मोठी नखरेल दिसते!"

माणसे हसली. मला हसू आले नाही. साहेबांनी पंपाचे झाकण उघडले. चक्रावर दोनच पाकळ्या उरल्या होत्या. डब्यातले नवे चक्र त्यांनी माझ्या हाती दिले. पाकळ्या फिरण्याच्या दिशेने वाकवून मी ते बसवले. मी झाकण लावायला घेणार, तोच ते अगदी हळू म्हणाले, "चार गेल्या कुठं?" नळी त्यांनी स्वतःच सोडली. चारही पाकळ्यांचे तुकडे वाकणात एकावर एक बसलेले होते. ते निघाले, इंजिन सुरू झाले, मागून पाण्याची जाड धार पडली. सर्व माणसे काठाला लागली.

भरलेली बोट पुरात बंद कशी पडली, याच्या चौकशीसाठी अमरावतीहून वरिष्ठ अधिकारी आले. आमच्या मोठ्या साहेबांनी आधीच सांगून ठेवले होते की, बोट चालवणाऱ्याने मागच्या पाण्याकडे लक्ष दिले नाही. हबीबभाई हंगामी नोकर. त्यांच्या कुटुंबात आठ माणसे आणि कमावणारे ते एकटे. त्यांना काढून टाकले की प्रकरण मिटत होते. हबीबभाई भिंतीशी उभे होते, दोन्ही हातांना पट्ट्या. गावंडे साहेब उठले.

"गावंडे, तुम्ही बसा," अमरावतीचे अधिकारी म्हणाले. "तुमच्याबद्दल प्रश्नच नाही."

"माझ्याबद्दलच हाय, साहेब. हबीबनं पाणी पाह्यलं म्हणून इंजिन वाचलं, अन् बोट बाभळीत घातली म्हणून माणसं वाचली. पंप त्याच्या आधीच मेला होता. खंडेनवमीले शेडमध्ये कोरडा फिरला."

मोठे साहेब घाईने म्हणाले, "अहो, देवाधर्माला कशाला मध्ये आणता?"

"देवानं हँडल नाही मारलं. मी मारलं. अन् या तायडेबाईंनी मले तवाच सांगतलं होतं. मी आयकलं नाही. पाण्यात सोडताना धार बारीक दिसली, तवाही पंप उघडला नाही. हे बी लिहून घ्या."

माझे नाव त्या कागदावर गेले. मी ते मागितले नव्हते. त्या क्षणी मला ते नकोही होते. पण तोवर कोणा वरिष्ठाने स्वतःची चूक सांगताना हाताखालच्या माणसाचे बरोबर असणे सोबत नोंदवलेले मी पाहिलेले नव्हते.

हबीबभाईंची नोकरी राहिली. पुढे ती कायमही झाली. साहेबांची बढती थांबली आणि ते त्याच पदावरून निवृत्त झाले. त्याबद्दल त्यांनी तक्रार केल्याचे कोणी ऐकलेले नाही.

पुढच्या खंडेनवमीला पूजेआधी साहेबांनी पंप उघडला, रबरी चक्र काढले आणि झेंडूच्या फुलांत, हळदकुंकू लावून, तबकात ठेवले. आता बोटीचे इंजिन सुरू करा असे कोणी म्हणण्यात अर्थ नव्हता. पूजा आटोपल्यावर ते तबक घेऊन दाराशी आले, चक्र पुसून माझ्या हाती दिले आणि म्हणाले, "आता तुमचं काम." आमच्या कार्यशाळेत ही रीत अजून चालू आहे.

हा लेख लिहिण्याआधी मी त्यांच्या घरी गेले. ग्रंथाच्या संपादकांना चौकशीचा भाग वगळावा असे वाटत होते, म्हणून मी त्यांनाच विचारले. साहेबांनी चष्मा पुसला. "काहून वगळता? वाचणारा इचारीन ना, मधातलं गेलं कुठं?" हबीबभाई तिथेच बसले होते. ते म्हणाले, "लिहा बाई, अन् माह्या हाताच्या पट्ट्या बी लिहा. त्या बढतीपेक्षा लवकर निघाल्या." साहेब मोठ्याने हसले.

म्हणून सर्व लिहिले आहे. साहेबांनी साठ वर्षे पूर्ण केली आहेत. त्यांची दृष्टी, त्यांचे गुडघे आणि त्यांचे हसणे पुढची अनेक वर्षे अशीच साथ देवोत. यंदाही खंडेनवमीला मी दाराशी उभी असेन. तबकातले चक्र त्यांनी कार्यशाळेत येऊन आपल्या हाताने मला द्यावे, आणि मी पाकळ्या मोजताना त्यांनी शेजारी उभे राहावे, एवढीच माझी इच्छा आहे.