पाठाचा विषय : कापड

"सर, दुसरा कुठलाही विषय द्या, पण हा नको," मी परीक्षकांना विनवत होते.

"बाई, पुस्तकातलाच धडा आहे. अडचण काय आहे?"

अडचण डिलाईल रोडवरच्या त्या शाळेच्या खिडकीतूनच दिसत होती. समोरच्या गिरणीच्या चिमणीतून कित्येक महिने धूर निघाला नव्हता. संप लांबला होता. आणि चौथीच्या ज्या वर्गाला ‘कापड कसं तयार होतं’ हे शिकवायचं होतं, त्यातल्या बहुतेकांचे वडील घरी बसून होते.

मी गिरगावातल्या अध्यापक विद्यालयात शिकवायचे. आमच्या मुलींचा शेवटी वार्षिक पाठ असे. मुलगी खऱ्या वर्गाला शिकवते, परीक्षक मागच्या बाकावर बसून मार्क देतात. त्यात नापास म्हणजे वर्ष गेलं.

पाठ नसीमचा होता. राहायला भायखळ्याला, वडील गिरणीत विणकर. मराठी शाळांत मुसलमान शिक्षिका हव्यात, हा माझा हट्ट. तिच्या अब्बांना मीच घरी जाऊन पटवलं होतं. आता तेही संपावर होते. नसीम महापालिकेच्या शाळेत लागेल, या एका आशेवर घर तग धरून होतं.

"जमेल मॅडम," ती म्हणाली. "अब्बा घरी बोटांनी माग चालवून दाखवायचे."

दुसऱ्या दिवशी पाठ छान रंगला. पुठ्ठ्याचा माग, दोन रंगांचे धागे, वर्ग एकदम गप्प. परीक्षकही मान डोलवत होते. मला हायसं वाटलं. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"बाई, गिरणी कधी चालू होणार?"

अशा वेळी काय करायचं हे आम्ही शिकवतो. ‘छान प्रश्न, नंतर बोलू,’ म्हणायचं आणि पुढे सरकायचं. कारण टाचण, म्हणजे पाठाचा लिहून आणलेला आराखडा, मिनिटामिनिटाने बांधलेलं असतं. नसीमला हे चांगलं ठाऊक होतं.

तिने माग टेबलावर ठेवला. "मला नाही माहीत गं. माझे अब्बापण घरीच आहेत."

मग वर्ग बोलतच सुटला.

"माझे बाबा गावाक गेले, अजून नाय आले."

"आमची ताई आता शाळेत येत नाय, बाई."

नसीम एकेकाचं ऐकत राहिली. घंटा झाली तेव्हा अर्धा फळा कोरा होता.

"उद्दिष्ट साध्य नाही, फलकलेखन अपूर्ण," परीक्षक म्हणाले.

"सर, मुलं मनातलं बोलली!"

"त्याला मार्क कुठे देऊ, बाई? तुम्हीच सांगा."

माणूस वाईट नव्हता, म्हणून तर मला जास्त लागलं. नसीम नापास झाली. तिच्या अब्बांना सांगायला मीच गेले. त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. तो तसाच ठेवून मी उठले.

ती पुन्हा परीक्षेला बसण्याआधीच ते कुटुंब मालेगावला गेलं. अब्बा तिथे यंत्रमागावर लागले. नसीमही मागासाठी कांड्यांवर सूत भरते, असं मी भायखळ्याला त्यांच्या घरी गेले तेव्हा शेजारणीने सांगितलं. ते ऐकून मी त्या जिन्यातच रडले.

पुढच्या सत्रात नव्या मुलींना घेऊन मी त्याच शाळेत गेले. ती दुसऱ्या बाकावरची मुलगी धावत आली.

"बाई, त्या मागवाल्या बाई कधी येणार?"

"छान प्रश्न. नंतर बोलू," मी म्हणाले आणि पुढे सरकले. इतकी वर्षं मी मुलींना हे वाक्य शिकवत होते. ते कशासाठी असतं, हे मला त्या दिवशी कळलं.