हक्काची फुशारकी

आमच्या बुवांना हॉटेलात वेटरला हाक मारणं जमत नसे. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात ते पॅकिंगला होते. तिथे कुणी कौतुक केलं की स्वतःच्या चपलांकडे बघत राहायचे. पण शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे दोन शाहिरांच्या सवाल-जवाबाच्या सामन्यात शक्तीवाल्यांचे शाहीर म्हणून उभे राहिले, की हेच बुवा छाती काढून गात, "सह्याद्रीचा बांध माझ्या आज्याने घातला!" त्यांच्या ढोलकीवर मी असे.

माझ्या बायकोने एकदा त्यांना विचारलं, एवढ्या थापा कशा मारता? बुवांना ते लागलं. "वयनी, थाप येगली नि फुशारकी येगली," ते म्हणाले. "थाप खरी वाटाय पायजे. फुशारकी खरी वाटली तर ती वाया गेली." बढाईबद्दल तर त्यांचं मत फारच वाईट होतं. बढाई माणूस घरात बसूनही मारतो, फुशारकीला समोर तोडीस तोड शाहीर लागतो, असं ते सांगत. शब्दकोशात असं काही दिलेलं नाही. मी पाहिलंय.

तोडीस तोड म्हणजे देवरूखकडचे तुरेवाले शाहीर. पंधरा वर्षं दोघांची जुंपत होती. एकाने फुशारकी मारायची, दुसऱ्याने ती मोडून काढायची, अशी रीत. ज्याला मारता किंवा मोडता येणार नाही, तो हरला.

मग बुवांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. तुमच्याऐवजी मी गातो म्हटलं, तर त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. तरी ठरलेल्या सामन्याला ते फेटा बांधून आले, उघडउघड हरायला. मला त्यांच्याकडे बघवेना.

पहिली पाळी बुवांची होती. ते उभे राहिले, नुसतेच. तेव्हा समोरचे शाहीर उठून आमच्या बाजूला आले आणि बुवांच्या फुशारक्या बुवांच्याच चालीत गाऊ लागले. इतकी वर्षं मोडून मोडून त्यांना त्या तोंडपाठ झाल्या होत्या. आमच्या कोरसनेही साथ धरली. गाऊन झाल्यावर ते आपल्या जागी परत गेले. आता त्या मोडायची पाळी त्यांची होती. त्यांनी बुवांना हात जोडले.

"हेचा जवाब माज्याकडं नाय," ते म्हणाले आणि खाली बसले.

मला हुंदका आला आणि चालू ठेवलेला ठेका चुकला. बुवांनी जिंकलेला तो शेवटचा सामना. पण त्या आनंदातही ते गर्रकन वळले आणि माझ्यावर डोळे वटारले.